तेझेक

"आग विझवा," एर्मेक म्हणाला.

ऊलकान हातात फावडं घेऊन क्रीडाशाळेच्या हॉलच्या दारात उभी होती. हॉल नीट गरम होत नाही म्हणून बोलणी खायला आपल्याला वर बोलावलंय, अशी तिची समजूत होती. बॉयलरच्या खोलीतून तिला दुसऱ्या कारणासाठी आजवर कुणी वर बोलावलंच नव्हतं.

"काय म्हणालात, बाइके?" सिनेमाचा दिग्दर्शक असला तरी ती त्याला बाइके, म्हणजे दादाच म्हणे, आणि तो तिला एजे, म्हणजे ताई.

"बॉयलर बंद करा. पोरींच्या तोंडातून वाफ निघताना दिसली पाहिजे. गरीब गावातली शाळा ना ही? मग थंडी नको दिसायला? इथे तर लग्नाच्या हॉलसारखी ऊब आहे."

"पण पोरींच्या अंगावर तेवढंसंच कापड आहे. आणि बाहेर नदी गोठलीय."

"थोडा वेळ, एजे. दोन-तीन शॉट झाले की पेटवा परत."

ऊलकाननं प्रशिक्षिका क्लारा ओमुरोव्नाकडे पाहिलं. हॉल जरा गार पडला की हीच बाई जिन्यावरून खाली वाकून ऊलकानच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आज तिनं छताकडे बघायला सुरुवात केली. सिनेमावाल्यांनी जाताना शाळेला नव्या मॅट देऊ असं कबूल केलं होतं आणि जुन्या मॅटमधून पेंढा बाहेर आलेला होता.

"ऐकलंस ना? मग जा," क्लारा ओमुरोव्ना म्हणाली.

थोडा वेळ म्हणता म्हणता संध्याकाळ झाली. आमच्या नारीन गावच्या थंडीला आत यायला वाट कुठे लागते? भिंतीतून, खिडकीतून ती आत आली. पोरींचे गुडघे जांभळे पडले, तोंडातून छान वाफा निघू लागल्या आणि एर्मेक खूश झाला. हिरॉइनचं काम करणारी अमेलिया बिश्केकहून आली होती. कॅमेरा थांबला की तिच्या अंगावर केसाळ कोट पडे आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी येई. तिच्या कपड्यांना इस्त्री करायला माणूस होता. अमेलियाला साधी कोलांटी येत नव्हती, म्हणून तिच्याऐवजी उड्या मारायला तिच्याच मापाची, तशाच निळ्या कपड्यांतली एक डुप्लिकेट होती. तिला कोट नव्हता, कारण कोटानं कपडा चुरगळला असता आणि तिच्या इस्त्रीला माणूस नव्हता. ती भिंतीला पाठ लावून, हात काखेत धरून उभी होती. ही ऊलकानची मुलगी. वय वर्षं अकरा. नाव तेझेक.

आता हे नाव. आमच्याकडे तेझेक म्हणजे वाळलेलं शेण, गोवरी. हिवाळाभर आम्ही तीच जाळतो आणि तिच्यावर जगतो, पण म्हणून कुणी लेकीला गोवरी म्हणत नाही. ऊलकाननं म्हटलं. का म्हटलं ते मला पक्कं माहीत आहे, कारण ती माझी शेजारीण आणि ते नाव ठेवणारी म्हातारी माझी आई.

ऊलकानला आधी दोन मुलं झाली होती. पहिली मुलगी. तिचं नाव मोठ्या हौसेनं आयसुलू ठेवलं, म्हणजे चंद्रासारखी देखणी. ती पाळण्यातच गेली. मग मुलगा, नूरबोलोत. तोही पाळण्यातच. अल्बार्स्ती, म्हणजे पोरं नेणारी हडळ, चांगल्या नावाच्या हाकेवर येते, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. दारात उभी राहून ऐकते, आणि गोड नावानं कुणी कुणाला हाक मारली की त्याला घेऊन जाते. म्हणून तिसऱ्या खेपेला माझ्या आईनं नाळ कापल्या कापल्या पोर उचललं, परसात नेऊन गोवऱ्यांच्या ढिगावर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "शी! कुणी टाकलंय गं हे? तेझेक नुसती!" मग आत येऊन ऊलकानच्या कुशीत देताना तिनं बजावलं, "हिला दिवसातून दहादा मोठ्यानं हाक मार. दारात तेझेक, तेझेक ऐकलं की ती बाहेरच्या बाहेर परत जाईल. आणि हे का केलं ते कुणाला बोलू नकोस. पोरीलाही नाही. कानातसुद्धा नाही. कानात सांगितलेलंच दारातल्या तिला आधी ऐकू येतं. लग्न होऊन सासरी गेली की मग काय ते नाव बदला."

पोर जगलं. नुसतं जगलं नाही, तर भिंतीवर चढायला लागलं, तारेवरून चालायला लागलं. नवरा कामाला रशियात येकातेरिनबुर्गला गेला तो तिकडचाच झाला. ऊलकान क्रीडाशाळेच्या बॉयलरवर लागली आणि बॉयलरवालीची पोर म्हणून तेझेकला वर हॉलमध्ये फुकट शिकायला मिळालं. शिकायला मिळालं तसं ऐकायलाही मिळालं. "तेझेक आली, नाक धरा." "तेझेक, आज चुलीत नाही गेलीस?" थंडी पडली की मेरिम नावाची पोर, क्लारा ओमुरोव्नाची लाडकी, तेझेकच्या पाठीवर तळवे टेकवून म्हणे, "हात शेकते गं जरा." बाकीच्या हसत.

एर्मेक सिनेमा काढायला आला तेव्हा त्याच्याजवळ दुसरीच गोष्ट होती. मुलांचा सिनेमा, सहकुटुंब बघण्याचा. असल्या सिनेमाची गोष्ट आपल्याला तिकीट काढायच्या आधीच माहीत असते. एक गुणी पोर, तिला छळणाऱ्या चार टवाळ पोरी. एकदा पडायचं, दोनदा रडायचं. वरून कडक आणि आतून लोणी अशी एक प्रशिक्षिका. शेवटी स्पर्धा, चषक, आणि छळणाऱ्या पोरी धावत येऊन गळ्यात पडतात. लोक डोळे पुसत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पोराच्या थोबाडीत देतात. मी नावं ठेवत नाही. मीही रडलोय असले सिनेमे बघून. तर एर्मेकच्या गोष्टीत पोरीला तिच्या फाटक्या बुटांवरून चिडवत होते. पहिल्याच दिवशी त्यानं हॉलमध्ये मेरिमचं "हात शेकते गं" ऐकलं आणि तो जागच्या जागी थांबला.

"काय नाव म्हणालात तिचं?"

"तेझेक," क्लारा ओमुरोव्ना म्हणाली.

"खरंच? कागदोपत्री?"

"कागदोपत्री."

"अरे देवा," एर्मेक म्हणाला, "बूट गेले खड्ड्यात!"

संध्याकाळी तो बॉयलरच्या खोलीत आला. येताना पोरीसाठी चॉकलेटचा डबा आणला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. ऊलकाननं उलटी बादली पुसून त्याला बसायला दिली आणि चहा ओतला.

"एजे, पोरीचं नाव असं का ठेवलंत?"

"ठेवलं."

"म्हणजे ते आपल्या जुन्या लोकांचं दृष्ट लागू नये वगैरे, तसलं काही?"

बॉयलरचं दार उघडं होतं आणि आत निखारे फुलले होते. एवढा शिकलेला माणूस, पण असली गोष्ट तोंडानं बोलू नये, आणि त्यातून विस्तवासमोर, हेही त्याला कळत नव्हतं.

"तसलं काही नाही," ती घाईनं म्हणाली.

"मग? मुलगा हवा होता का तुम्हाला?"

ऊलकाननं निखाऱ्यांवर एक फावडं कोळसा टाकला.

"नकोशी होती?"

"हो," ऊलकान म्हणाली. मग दाराकडे तोंड करून, बाहेर कुणी उभं असेल तर त्यालाही ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली, "नकोच होती. कुणाला हवीय असली पोर! मेली तर मेली. शेण आहे नुसतं!"

एर्मेकनं चहाचा कप खाली ठेवला. आमच्या आज्या नातवंडांबद्दल पाहुण्यांसमोर असंच बोलतात. नातवंड जेवढं लाडकं तेवढ्या शिव्या जास्त. पाहुणाही मान डोलावून म्हणतो, "खरंच, काय ध्यान आहे!" आणि दोघांनाही कळलेलं असतं. पण एर्मेकच्या आजीनं त्याला बिश्केकला फ्लॅटमध्ये वाढवलं असणार. त्यानं मान डोलावली नाही. तो ऊलकानकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी पोर, असं काहीसं पुटपुटत तो उठून गेला. चॉकलेटचा डबा बादलीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सिनेमातल्या पोरीचं नाव तेझेक झालं.

पहिले काही दिवस आमच्या तेझेकला सुखाचे गेले. हॉलमधल्या पोरी दिवसभर कॅमेऱ्यापुढे अमेलियाला तेझेक तेझेक करून चिडवत. घरी जायच्या वेळी त्यांना खऱ्या तेझेककडे बघायचंही त्राण नसे.

"आपा," ती घरी येऊन आईला म्हणाली, "आज मला कुणीच काही नाही म्हणालं. सगळं त्या अमेलियालाच."

"बरं झालं. ब्रेड घे."

"आणि मी बीमवरून उलटी उडी मारली ना, तर ते एर्मेक बाइके म्हणाले, पुन्हा मार. दहा वेळा मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, पडद्यावर ही उडी सगळा देश बघणार."

"तुझं तोंड दिसणार?"

"तोंड नाही. पण पाय माझेच."

ऊलकान हसली. ती हसते तेव्हा हात तोंडावर धरते. कोळशानं दात काळे दिसतात असं तिला वाटतं.

त्यानंतर तो प्रसंग आला. मी तेव्हा हॉलमध्ये होतो. चषकाच्या दृश्यात गर्दी हवी म्हणून गावातल्या रिकामटेकड्यांना बोलावलं होतं आणि बदल्यात गरम शोरबा मिळणार होता. मी जोडे दुरुस्त करतो. थंडीत कुणी जोडे काढतच नाही, तेव्हा मी पूर्ण रिकामा होतो. गर्दीचं दृश्य राहिलं बाजूला. एर्मेक त्या चिडवण्याच्या प्रसंगावर अडून बसला होता. अमेलिया समोर असली की पोरी नुसत्या पाठ केल्यासारख्या बोलत होत्या. शहरातली गोरीगोमटी, टीव्हीवर दिसणारी पोर ती. तिला शेण म्हणताना पोरींची जीभ अडखळत होती.

"मेल्यागत काय बोलताय!" एर्मेक ओरडला. "तुम्ही एरवी कशा बोलता?"

"एरवी ती असते ना," मेरिम म्हणाली आणि तिनं भिंतीकडे बोट केलं.

एर्मेकनं तिकडे पाहिलं. मग त्यानं अमेलियाला कोटात पाठवलं आणि आमच्या तेझेकला मधोमध आणून उभं केलं, कॅमेऱ्याकडे पाठ आणि पोरींकडे तोंड. "आता बोला. जे रोज बोलता तेच."

पोरींना काही शिकवावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कसं तेज आलं! नाकं धरून झाली, शेकोटी करून झाली, थुंकून झालं. मेरिमनं स्वतःहून दोन नव्या गोष्टी घातल्या. क्लारा ओमुरोव्ना कोपऱ्यात उभी राहून मॅटच्या नमुन्यावरून बोटं फिरवत होती. त्या जुन्या मॅटवर तिनं गावाच्या दोन पिढ्या पडताना पाहिल्या होत्या, तिला नवी मॅट हवी होती. मी तिला दोष देत नाही. म्हणजे, देतो.

"कट!" एर्मेक म्हणाला. "पोरींनो, उत्तम. पण तेझेक, तू रडत नाहीयेस. मला तुझी पाठ रडायला हवी आहे. खांदे हलले पाहिजेत."

"मला रडू नाही येत, बाइके."

"सवय आहे तिला," मेरिम म्हणाली.

पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. पाठ ताठच. शेवटी एर्मेक उठला, तेझेकजवळ गुडघ्यावर बसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानात काहीतरी बोलला. फार हळुवारपणे बोलला. मला लांबून वाटलं, समजूत घालतोय. तो मागे सरकला, कॅमेरा सुरू झाला आणि त्या पोरीची पाठ अशी हलू लागली की माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अप्रतिम!" एर्मेक म्हणाला. "हाच तर सिनेमा आहे!"

त्या संध्याकाळी ऊलकाननं मटण शिजवलं होतं. मधलं मोठं हाड तिनं लेकीच्या ताटात वाढलं. पोर हाडाकडे बघत बसली. भिंत एकच असल्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं आम्हाला ऐकू येतं.

"आपा, मी तुला नको होते?"

"कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. त्यांना. मेली तर मेली म्हणालीस."

पलीकडे पळी भांड्यावर वाजली. माझ्या आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, नाहीतर मीच तिला उठवून पलीकडे पाठवली असती. एका वाक्याचं काम होतं. तुला जगवायला म्हटलं गं, एवढंच. पण ते वाक्य तोंडातून काढलं की दाराबाहेरच्या तिलाही कळणार, की घरात शेण नाही, हिरा आहे. दोन मुलं पुरलेल्या बाईला तुम्ही हे असलं काही नसतं म्हणून सांगा. मी नाही सांगू शकलो.

"म्हणालीस ना, आपा?"

"जेव," ऊलकान म्हणाली. "तेझेक, जेव गं."

"त्या आयसुलूला तेवढं छान नाव ठेवलंस. ती तर मेली. मी जगले तर मला शेण?"

मग ताट सरकवल्याचा आवाज आला.

सिनेमा वसंतात तयार झाला. एर्मेकनं शब्द पाळला. नव्या निळ्या मॅट आल्या आणि सिनेमाचा पहिला खेळ बिश्केकच्या आधी आमच्या नारीनच्या सांस्कृतिक भवनात ठेवला. सगळं गाव लोटलं. ऊलकाननं ठेवणीतला रेशमी रुमाल डोक्याला बांधला होता आणि हात लिंबानं घासून घासून लाल केले होते. ती माझ्या पुढच्या रांगेत बसली. तेझेकला एर्मेकनं पहिल्या रांगेत अमेलियाशेजारी बसवलं होतं.

सिनेमा चांगला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या पोरी पडद्यावर दिसल्या तशी पोरं शिट्ट्या मारू लागली. मेरिमनं चिडवलं तेव्हा लोक हळहळले. तेझेकची पाठ हुंदक्यांनी हलली तेव्हा अख्खं भवन नाकं ओढायला लागलं. आणि मग पडद्यावर आई आली.

बॉयलरवालीच होती ती. काळे हात, हातात बाटली. बिश्केकच्या कुठल्याशा मोठ्या नटीनं काम केलं होतं. ती बॉयलरच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "नकोच होती. कुणाला हवीय असली पोर! मेली तर मेली. शेण आहे नुसतं!" शब्द न् शब्द तोच. ऊलकान आयुष्यात कधी प्यायली नव्हती. शेजारी बसलेली बेकरीवाली सुलताना हळूच खुर्चीच्या दुसऱ्या टोकाला सरकली. पुढच्या रांगेतल्या माना एकेक करून मागे वळल्या. ऊलकान पडद्याकडेच बघत होती. तिनं हात मात्र रुमालाच्या टोकांखाली लपवले.

शेवट गोड होता. छळणाऱ्या पोरींनी माफी मागितली, त्यांना माफी मिळाली. पोरांचं काय, पोरं ती, चुकायचीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. माफी मिळाली नाही ती फक्त आईला. चषक हातात घेऊन अमेलिया म्हणते, "आजपासून मी तेझेक नाही! माझं नाव आयसुलू!" आणि सगळी गर्दी ओरडते, आयसुलू, आयसुलू. मीही त्या गर्दीत कुठेतरी तोंड उघडून बसलेला दिसतो. आम्हाला त्या दिवशी नुसतं ओरडायला सांगितलं होतं. नाव त्यांनी नंतर घातलं.

ऊलकानच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. टाळ्यांत तो कुणाला ऐकू आला नसेल.

दिवे लागले. एर्मेक माइक घेऊन रंगमंचावर चढला. त्यानं अमेलियाला बोलावलं, क्लारा ओमुरोव्नाला बोलावलं, मेरिमला आणि तिच्या मैत्रिणींना बोलावलं. मग आमच्या तेझेकला हाताला धरून पुढे आणलं.

"ही खरी नायिका! शेवटचं ते नाव, आयसुलू, हे माझं नाही बरं का. मी हिला विचारलं होतं, तुला कुठलं नाव आवडलं असतं? हिनं हे सांगितलं. आज नगरपालिकेचे साहेब इथे बसलेत. त्यांनी शब्द दिलाय, हिचं नाव खरोखर बदलणार. कागदोपत्री!"

लोक उभे राहिले. पोरगी हसत होती. अकरा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि हे हसू कुणी हिरावून घेऊ नये असंच त्या घटकेला मला वाटलं.

"आणि तिची आई कुठे आहे?" एर्मेक म्हणाला. "या, एजे, या! आज जुनं सगळं विसरायचं. आज लेकीला नव्या नावानं हाक मारायची. तेझेक आज मेली!"

"तेझेक मेली!" पोरांना घोषणा आवडली. "तेझेक मेली! तेझेक मेली!"

ऊलकानला चार हातांनी ढकलत वर पोचवलं. तिच्या हातात माइक आला. समोर लेक उभी होती, आणि लेकीच्या डोळ्यांत एकच विनवणी होती. म्हण ना, आपा. एकदा तरी म्हण.

ऊलकाननं आधी दाराकडे पाहिलं. भवनाचं मोठं दार उकाड्यानं सताड उघडं टाकलं होतं.

"आयसुलू," ती पुटपुटली.

"मोठ्यानं!" लोक ओरडले.

"आयसुलू!"

"ओ, आपा!" पोर म्हणाली. पहिल्या आयसुलूला ओ देण्याएवढं आयुष्यच मिळालं नव्हतं. एर्मेकनं माइक घ्यायला हात पुढे केला तर ऊलकाननं तो दिला नाही.

"ते मेलं नाही," ती म्हणाली.

"काय, एजे?"

"ते नाव. ते मरून चालायचं नाही. घरात कुणीतरी पाहिजे त्या नावाचं." तिचा आवाज माइकमधून मोठा होऊन येत होता, तिलाच तो ओळखू येत नसावा. "तिला नको असेल तर मला द्या. मी तेझेक. आजपासून मला म्हणा सगळ्यांनी. रस्त्यात म्हणा, दारात म्हणा. जोरात म्हणा. मी ओ देईन."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळंच भवन हसलं. एर्मेकही हसला. "वा! एजेंची विनोदबुद्धी बघा!" तो म्हणाला, आणि लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या. पोरगी हसली नाही. ती लाल झाली होती. आईनं आजही आपली शोभा केली, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

सिनेमा पुढे खूप चालला. शाळाशाळांतून पोरांना रांगेनं नेऊन दाखवला. चिडवू नये हे पोरं त्यातून शिकली की नाही ते मला ठाऊक नाही, पण चिडवायचं कसं ते सगळ्या देशाला कळलं. पलीकडच्या कोचकोरमध्येसुद्धा पोरं आता एकमेकांच्या पाठीवर हात शेकतात म्हणे. आयसुलूला मात्र आता कुणी काही म्हणत नाही. ती आणि मेरिम गळ्यात गळे घालून हिंडतात. कोलांट्या ती अजून सर्वांत चांगल्या मारते. तिला साधं पडसंही झालेलं नाही.

कारण पोरांना ते नाव दुसरीकडे आयतं मिळालं. बॉयलरच्या खोलीमागे टेकाड आहे, शाळा सुटली की पोरं त्यावर चढतात. "तेझेक एजे! ओ तेझेक एजे! शेण पेटलं का?" दुसरी बाई असती तर दगड उचलून धावली असती. ऊलकान राखेची बादली खाली ठेवते, टेकाडाकडे तोंड करते आणि खणखणीत म्हणते, "ओ!" पोरं खिदळतात, पुन्हा हाक मारतात. ती पुन्हा ओ देते. दहा हाका मारल्या तर दहा वेळा. पोरंच कंटाळून जातात. गावात म्हणतात, बाईचं डोकं फिरलं. मी एकदोनदा पोरांना हाकललं तर ती माझ्यावरच चिडली. "म्हणू दे त्यांना. तुला काय त्रास आहे?"

परवा तिचे जोडे शिवून झाले म्हणून द्यायला गेलो होतो. दुपारची वेळ, वारा सुटलेला. ती राख उपसत होती. टेकाडावरून नेहमीचा गोंगाट सुरू झाला, तिनं नेहमीसारखी ओ दिली. मग पोरांचे आवाज जरा थांबले, आपसात कुजबुज झाली, कुणीतरी कुणाला तरी पुढे ढकलल्यासारखं वाटलं. "तू म्हण ना! घाबरतेस?" असं मेरिम म्हणाल्याचं मी स्वच्छ ऐकलं.

आणि मग एकच आवाज आला, बारीक, जरा कापरा.

"तेझेक एजे!"

आपा नाही. एजे. गल्लीतल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं. तो आवाज मी भिंतीपलीकडून अकरा वर्षं ऐकला आहे. मी जोड्यांची दोरी सोडवत बसलो, मला वर बघायचं नव्हतं.

ऊलकाननं बादली खाली ठेवली. रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. मग टेकाडाकडे वळून, सगळ्या पोरांना दिली त्याहून मोठ्यानं, पार नदीपर्यंत ऐकू जाईल अशी तिनं ओ दिली.

"ओ! आहे गं, आहे! मीच आहे तेझेक!"